खरवडलेली वीणा

शहाण्याला शब्दाचा मार, असं म्हणतात. आमच्या घरात कुणी शहाणं जन्माला आलं नसावं, कारण शब्दानं मारलेलं मला आठवत नाही. आण्णा, म्हणजे माझे वडील, हातात असेल त्यानं मारायचे, आणि सुताराच्या हातात काय काय असतं ते सांगायला नको. थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणायचो, आण्णांचा मार खात मोठा झाला आणि मग मला मारायला लागला. माझ्या खाली कुणीच नव्हतं. एकदा मी बैलाला मारून बघितलं, तर आईनं त्याच चाबकानं मला फोडून काढलं. बैल दुसऱ्याचा होता, गाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवायला आमच्या दारात आलेला.

मी सतरा वर्षांचा असताना आण्णांनी वाकसाचा दांडा माझ्या कोपरावर घातला. लाकूड तासायचं ते हत्यार, त्याचा दांडा बाभळीचा. कोपर आजही सरळ होत नाही. त्या आठवड्यात मी घर सोडलं आणि भटकत भटकत मिरजेला एका वाद्यं बनवणाऱ्या कारागिराकडे राहिलो. सहा वर्षं भोपळे तासले, तारांखालच्या घोड्या घासल्या. त्या कारागिरानं मला एकदाही मारलं नाही. सुरुवातीला मला वाटायचं, याला माझ्या कामाची काही पडलेलीच नाही.

आण्णा गेल्याचं कळल्यावर मी परत आलो. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या सालातली ही गोष्ट. राहुरीवरून शिंगणापूरकडे जाताना आत वळलं की आमचं गाव. चैत्रात, हनुमान जयंतीच्या आधी सात दिवस, मारुतीच्या देवळात नामसप्ताह बसायचा. सात दिवस भजन थांबत नाही आणि सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. एकानं दोन तास ती गळ्यात घेऊन उभं राहायचं, पहारा संपला की पुढच्याच्या गळ्यात घालायची. ती मागायची नसते. दिली तर घ्यायची. पहिले दोन पहारे आमच्या घराचे. आधी आण्णा, त्यांच्यामागून दादा. आता आण्णा नव्हते, तेव्हा आधी दादा आणि मग मी, असं ठरल्यासारखंच होतं.

सप्ताहाआधी वीणेला रंग द्यायचा मानही आमच्याच घराकडे होता. माझ्या मते पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घरानं केलेला हा मोठा गाढवपणा. गाडीच्या चाकाला देतात तोच तांबडा तेलरंग आम्ही दर साली त्या वीणेवर चढवत होतो. देवाचं काम, हात आखडता कशाला घ्यायचा, म्हणून दोन हात द्यायचे. जुना रंग कधी काढला नाही. पणज्याचा रंग, त्यावर आज्याचा, त्यावर आण्णांचा. वीणा वाजायची ती खोक्यावर थाप मारावी तशी. कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं, कारण टाळमृदंगात तिचा आवाज ऐकतंय कोण?

गेल्या साली रंग दिल्यावर आण्णांनी भोपळ्यावर पांढऱ्या रंगानं ‘राम कृष्ण हरी’ लिहिलं होतं. आण्णांना लिहिता येत नव्हतं. गुरवाकडून तेवढी अक्षरं त्यांनी महिनाभर धुळीत गिरवून घेतली होती, असं आईनं सांगितलं. अक्षरं वाकडी होती, एकेक चार बोटांएवढी. त्यांनी जन्मात लिहिलेलं तेवढंच.

दादाला त्या साली सप्ताहाआधी कारखान्याच्या बैलगाड्यांची चाकं करायला आठ दिवस राहुरीला जायचं होतं. जाताना तो मला म्हणाला, वीणेला एक हात रंग मार, अक्षरं तेवढी सोड, त्यांच्या कडेकडेनं मार. एवढं सांगून तो गेला.

मी वीणा घरी आणली, मांडीवर घेतली आणि दांडीवरून बोट फिरवलं. रंगाच्या खाली ओळीनं, कमी कमी होत जाणाऱ्या अंतरावर खाचा लागल्या. मिरजेच्या कारागिरानं एकदा मला एक जुनी वीणा दाखवली होती. दोन भोपळे, आतून पोकळ दांडी, मेणात बसवलेले सुरांचे पडदे. अशा आता पाच-सहा उरल्या असतील नसतील, असं तो म्हणाला होता, आणि मला तिला हात लावू दिला नव्हता. आमची तसलीच होती. कुणीतरी कधीकाळी तिचे पडदे उपटून टाकले होते, वरच्या भोपळ्याच्या भेगेवर पत्रा ठोकला होता, आणि बाकीची माती आमच्या घरानं केली होती.

मला राग आला. इतका, की समोर कुणी असतं तर मी मारलंच असतं. मी बाटली फोडली आणि काचेच्या तुकड्यानं रंग खरवडायला बसलो. रंग जाड होता, सालीसारखा निघत होता. काच बोटांत घुसत होती, रक्त रंगात मिसळलं की तांबड्यात तांबडं, कळायचं नाही. दोन दिवसांत दांडी उघडी पडली. टोकाशी गाठीसारखं काही होतं त्यातून मोराची मान निघाली, चोचीसकट, बारीक पिसांसकट.

तिसऱ्या दिवशी मी अक्षरांपाशी आलो. इथं मला खोटं बोलता येईल, की नाद लागला होता आणि भानच नव्हतं. पण भान होतं. ती सोडून बाकीचा भोपळा उघडा करता आला असता. आवाज थोडा बसका राहिला असता, एवढंच. मी वाकड्या कोपरानं भोपळा दाबून धरला आणि ‘राम’पासून सुरुवात केली. मला बरं वाटत होतं. ज्या हातानं हे लिहिलं त्या हाताला मी खरवडतोय, असं वाटत होतं, आणि त्याची मला तेव्हा लाज वाटली नाही.

आई दारात येऊन उभी राहिली. ‘हरी’ तेवढं राहिलं होतं. ती म्हणाली, “आनखी काय काय खरवडनार हाईस?” मी काच चालवत राहिलो. ती आत गेली आणि त्या दिवशी माझं ताट तिनं वाढलं नाही.

पुढचे चार दिवस मी जे काम केलं तसं पुन्हा माझ्या हातून झालं नाही. पत्रा काढून भेग सांधली. जुन्या खुणांवर मेण ओतून पडदे बसवले. म्हशीच्या शिंगाची घोडी केली आणि तिचा माथा घासत बसलो. तो केसभर इकडेतिकडे झाला की तार गुंजायचं सोडून नुसती वाजते. सातव्या दिवशी दुपारी तार छेडली आणि आवाज उठला. घरात, अंगणात, पलीकडच्या गोठ्यापर्यंत भरून राहिला. वहिनी चुलीपुढून उठून आली. मी एकटाच हसत होतो.

दादा दुसऱ्या दिवशी आला. सप्ताहाला दोन दिवस होते. वीणा खुंटीला होती. त्यानं मोराकडे बघितलं नाही, पडद्यांकडे बघितलं नाही. भोपळा दोन्ही हातांत धरून फिरवला, पुन्हा फिरवला, आणि मग मला विचारलं, “आण्णांचं कुठं गेलं?”

मी म्हणालो, खाली भोपळा मेला होता रंगानं, काढावं लागलं. आणि एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी पुढं म्हणालो, की नाहीतरी अडाण्याची रेघोटीच होती ती.

त्यानं वीणा सावकाश खुंटीला अडकवली. मग वळून माझ्या तोंडावर मूठ मारली. माझे पुढचे दोन दात जिभेवर आले. मी पडलो, तसा तो छातीवर बसला आणि मारत राहिला, खिळे ठोकावेत तसा. आई ओरडत होती, वहिनी त्याचा सदरा ओढत होती. माझ्या हाताला रंधा लागला. रंधा म्हणजे चांगलं दीड हात लांबीचं जड लाकूड, पोटात पोलादी पातं. तो मी उचलून त्याच्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. मी परत मारला असता. आईनं माझ्या मनगटाला चावा घेतला म्हणून रंधा सुटला.

उजवी हसळी मोडली होती, गळ्याच्या खालचं आडवं हाड. हाडवैद्यानं पट्ट्या आवळून हात छातीशी बांधला आणि दीड महिना सुतळीसुद्धा उचलायची नाही, असं सांगितलं. गावात बोभाटा झाला. पंचमंडळी येऊन गेली. पहिला पहारा या सालापुरता धाकट्यानं करावा, घराचा मान घरात राहील, असं त्यांनी सुचवलं. दादा भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, “ज्यानं बापाचं लिवलेलं पुसलं, त्याच्या गळ्यात मी वीना घालनार न्हाई. मी उभा ऱ्हातो.”

कुणी त्याला समजावलं नाही. आमच्या घराला समजावण्यात अर्थ नसतो, हे गावाला माहीत होतं.

सप्ताहाच्या पहिल्या दिवशी सकाळी सहाला गुरवानं वीणा दादाच्या गळ्यात घातली. पट्टा डाव्या खांद्यावर घेतला तरी दुसरी बाजू मानेवरून फिरून मोडक्या हाडावर येतच होती. दोन भोपळ्यांचं ओझं त्यावर. त्यानं डाव्या हातानं तार छेडली. आणि देवळातली सगळी माणसं वळून बघायला लागली. मृदंगवाल्याचा हात थांबला. पखालीतून पाणी सोडावं तसा तो आवाज गाभाऱ्यात शिरला आणि परत आला. म्हाताऱ्या बायका हात जोडायला लागल्या. मी खांबाशी उभा होतो, सुजलेल्या तोंडानं, आणि मला वाटत होतं, आता तरी तो बघेल. माझ्याकडे नाही तरी निदान वीणेकडे. तो समोर मारुतीकडे बघत होता. घामानं त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

आठ वाजले. पुढचा पहारा माझा. मी आंघोळ करून, गंध लावून त्याच्या समोर जाऊन उभा राहिलो. त्यानं वीणा दिली नाही. भजन चालू होतं, तो तार छेडत होता आणि माझ्या डोक्यावरून बघत होता. मला मागता येत नव्हती. लोकांना ओढून घेता येत नव्हती. एका वयस्कर टाळकऱ्यानं त्याच्या कानाशी जाऊन काही सांगितलं. दादानं मान हलवली नाही. त्याचे ओठ पांढरे पडले होते. हाडापाशी सदऱ्याखाली फुगा आला होता, तो मला दिसत होता. तो तिथं मी केला होता. मी मनात म्हणत होतो, दे रे, दे आता, पुन्हा लिहून काढतो, गुरवाला विचारून तशीच वाकडी काढतो. तोंडातून मात्र एक शब्द निघाला नाही. आमच्या घरात ती सवयच नव्हती.

साडेआठच्या सुमाराला त्याचे डोळे फिरले. गुडघे आधी वाकले, मग तो सगळाच पुढं आला, माझ्या अंगावर. वीणा त्याच्या पुढं होती. मी दोन्ही हात पुढं केले.

मी वीणा धरली.

दोन्ही भोपळे अलगद छातीशी घेतले, पट्टा त्याच्या मानेतून काढून माझ्या मानेत घातला, आणि हे सगळं तो पडत असतानाच केलं. त्याचं कपाळ दगडी फरशीवर आपटलं. नारळ फुटल्यासारखा आवाज झाला. रक्त माझ्या पायापर्यंत आलं. वीणेला ओरखडासुद्धा आला नव्हता. मी ते बघितलं होतं, त्याच्याकडे बघण्याच्या आधी.

लोक म्हणाले, धाकट्यानं लाज राखली, वीणा टेकू दिली नाही. त्यांना वाटलं ती भक्ती. भक्तीचा माझ्या अंगात कधी वाराही नव्हता. मी माझं काम वाचवलं. चार दिवस घासलेली घोडी वाचवली. हे मला तिथंच, त्याच क्षणी कळलं, आणि वीणा भिरकावून त्याला उचलावंसं वाटलं. पण ती गळ्यात असताना खाली वाकता येत नाही. मी तार छेडत राहिलो. मृदंग पुन्हा सुरू झाला.

चौघांनी दादाला उचलून बाहेरच्या ओट्यावर निजवलं. वहिनी धावत आली, पदर फाडून तिनं त्याचं डोकं बांधलं. दरवाजातून मला त्याचे पाय तेवढे दिसत होते. कुणीतरी तोंडावर पाणी मारलं. पाय हलले. त्यानं पहिला प्रश्न विचारला तो वीणेचा. टेकली का? टाळकरी म्हणाला, नाही टेकली, तुझ्या भावानं वरच्यावर धरली.

“तो वीनाच धरनार,” दादा म्हणाला.

तो रागावून बोलला नाही. साधं बोलला. मला ते भजनातूनही नीट ऐकू आलं. माझा पहारा संपायला अजून दीड तास होता.