नातीच्या जागेवर वजन म्हणून

माझं शिक्षण चौथीपर्यंत. गाडी मला चालवता येत नाही. तरी एकदा नातीच्या गाडीत ड्रायव्हरच्या जागेवर मी तासभर बसले होते.

नात शिरूरजवळच्या कारखान्यात नोकरी करते. दौंड तालुक्यातल्या आमच्या वस्तीवरून रोज त्या गाडीने जाते-येते, आणि महिन्यातला एक रविवार तीच गाडी रेसच्या ट्रॅकवर पळवते. एकदा तिथल्या लांब वळणावर गाडी गर्रकन फिरली. लागलं काही नाही, पण पोरगी भ्यायली. पुन्हा जाईन म्हणायची आणि जायची नाही.

कारण तिनेच शोधलं. त्याआधी चाकांचं अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ बसवायचं काम, केलं तेव्हा डिकीत कांद्याच्या दोन गोण्या होत्या, तळेगावच्या बाजारात न्यायला आम्हीच टाकलेल्या. मागची बाजू दबलेली, पुढची उचललेली, आणि चाकं तशीच बसवली. गोण्या उतरल्यावर पुढच्या चाकांची तोंडं बाहेर फाकली.

म्हणून पाटसच्या अलाइनमेंटच्या दुकानात गेलो तेव्हा डिकी रिकामी होती. पण ड्रायव्हरचं वजन आत हवं, आणि नातीला मशीनवरचे आकडे स्वतः बघायचे होते.

"आज्जे, तू बस. तुझं आन् माझं वजन सारखंच हाय."

"म्हंजी मी गोणीच की."

"गोणी बडबड करत न्हाई."

मला बसवून त्यांनी गाडी वर उचलली. काचा बंद होत्या. साखर कारखान्याचा हंगाम सुरू होता, धुरकट ऊन पडलेलं, आत मळीचा गोड वास भरलेला. समोरच्या हायवेवरून उसाच्या ट्रॉल्या आवाज न करता सरकत होत्या. बघता बघता वाटायला लागलं, ट्रॉल्या उभ्या आहेत आणि मीच मागे मागे चाललेय. स्टिअरिंगवर हात ठेवून मी तशीच जात राहिले. कुठे, ते विचारावंसंही वाटलं नाही.

"आजी, हलू नका, आकडा हलतोय!" दुकानदार खालून ओरडला. मी काच खाली केली. मग तो नातीला म्हणाला, "ताई, ट्रॅकला चाकं वरून आत झुकवली की वळणात धरत्यात. पण रोज शिरूर करताय, टायर आतून खाईल."

"टायर जास्त खातंय ते तोंड वाकडं असलं तर. तोंडं सरळ ठेवा. झुकाव दोन अंश द्या."

"दोन? घरच्यांना इचारा आधी."

"घरचे वर बसलेत. आज्जे, दोन देऊ का एक?"

"मला नगं इचारू. फिरली तर तू फिरशील, मी न्हाई."

खालून तिचा आवाज आला, "दोनच द्या. टायर झिजले तर मी बघीन."

परतताना कालव्याचं वळण आलं. गाडी फिरल्यापासून तिथे ती पार रांगत जायची. त्या दिवशी तिने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला नाही. कालव्याच्या पाण्याचा उजेड काचेवरून वाहत गेला. माझा खांदा दाराला टेकला, आणि गाडी रस्ता न सोडता वळून सरळ झाली.

"रविवारी जाते," ती म्हणाली.

"जा. मला नेऊ नको. तिथं बसायला सावली न्हाई."