राणीची शिंक

आमच्या सौंसरच्या प्रयोगशाळेत अंडी ट्रेवर ट्रे रचून ठेवायचो. किस्सेही तसेच साचले. एक काढायला जावं तर दुसरे हलतात.

ऐंशीच्या दशकात घोड्यांत सर्दी-खोकल्याची साथ आली. तिचा विषाणू जिवंत पिल्लाच्या अंड्यात वाढवायचा, मग मारून त्याची लस करायची, असं डॉक्टरसाहेबांनी ठरवलं. मी चौथी शिकलेला. अंडं दिव्यासमोर धरून आत पिल्लू आहे का, ते मी बघायचो.

*

नमुना घ्यायला आम्ही पांढुर्ण्याला गेलो. गणपतभाऊ टांगेवाल्याची राणी घोडी तापाने फणफणली होती, वर गाभण. साहेबांनी तिच्या नाकात कापूस घातला, तशी ती त्यांच्या तोंडावर शिंकली.

गणपतभाऊ म्हणाला, "कापूस कायले घासून राहिले साहेब? चष्माच घेऊन जा ना!"

*

बोरगावच्या शेतकऱ्याला गावठी अंडी सांगितली होती. दिव्यासमोर धरली तर सगळी काळी ठिक्कर. एक फोडलं. उकडलेलं!

"मोटारीत फुटतीन म्हून उकडून आणली जी," तो म्हणाला.

शनिवार होता. साहेबांसकट निम्म्यांचा जामसांवलीच्या मारुतीचा उपास. काचसामान धुणाऱ्या सुमनबाईंनी शांतपणे मीठ मागितलं. "आमच्यात शनिवार नसते साहेब."

*

पुढची अंडी बरोबर आली. साहेब त्यांत राणीचा नमुना टोचत. विषाणू वाढला की नाही, ते कोंबडीच्या रक्तावर कळायचं. अंड्यातलं पाणी त्यात मिसळायचं. रक्ताचा थेंब तळाशी ठिपक्यासारखा बसला, तर काही नाही. चादरीसारखा पसरला, तर विषाणू आहे.

आमचे ठिपकेच येत होते.

राणी बरी झाली, पण टांग्यांच्या अड्ड्यावरचे घोडे एकेक करून खोकू लागले. तिच्या पोटातलं उद्या त्यांच्यातच उभं राहणार होतं. गणपतभाऊ येऊन प्रयोगशाळेच्या फाटकाशी बसायचा आणि पेरणी केल्यासारखा विचारायचा, "उगवलं का जी?"

साहेब एका अंड्यातलं पाणी दुसऱ्यात, दुसऱ्यातलं तिसऱ्यात टोचत राहिले. एका सकाळी रक्ताच्या थेंबांची ताटली उचलली, तर सगळीकडे चादर. सुमनबाईंनी नळ बंद केला. साहेब तसेच फाटकापर्यंत चालत गेले.

"उगवलं, गणपतभाऊ."

त्याने डोक्याचा रुमाल काढून तोंडावर धरला.

*

नमुना जिथला, त्या गावाचं नाव विषाणूला द्यायची रीत आहे. बाटलीवर पांढुर्णा लिहिलं, तसा आमचा कंपाउंडर रुसला. "अंडी बोरगावची, हात सौंसरचे, अन् नाव पांढुर्ण्याचं?"

गणपतभाऊ म्हणाला, "शिंक कोणाची होती भाऊ?"

*

लस तयार होऊन तपासून येईपर्यंत राणीचं शिंगरू चांगलं छातीएवढं झालं होतं. पांढुर्ण्यात पहिली सुई त्यालाच द्यायची ठरली. सुई बघून ते मागे सरलं, आईच्या पोटाखाली घुसू लागलं. साहेब थांबले.

गणपतभाऊने त्याची मान कुशीत घेतली, कानाशी तोंड नेलं आणि हळूच म्हणाला, "घे रे बापू. तुह्या मायचंच हाय."