कोट घातलेला पाना

कढईचा तळ अर्धाच घासून झाला होता, तेवढ्यात धाकटे दीर दारात येऊन उभे राहिले. काखेत कागदात गुंडाळलेली भलीमोठी फ्रेम आणि अंगाला डोकं उठेल असा अत्तराचा वास. वहिनीने ओले हात फडक्याला पुसले.

"बघा वहिनी, दादाचं नुसतं सोनं केलंय," म्हणत त्यांनी कागद फाडला.

फ्रेममध्ये एक गोरापान साहेब होता. निळा कोट, टाय, ओठ घट्ट मिटलेले, मागे ढग. गालांना लोणी चोपडल्यासारखी चकाकी. वहिनीने फ्रेम जवळ ओढून पाहिली. नळदुरुस्ती करणारा तिचा नवरा, ज्याला अख्खी वस्ती 'पाना' म्हणायची, तो ह्यात कुठेच नव्हता. जन्मात त्याच्या अंगाला कोट लागला नव्हता. एकदा गंजलेला नट सोडवताना हातातला पाना निसटून त्याच्याच तोंडावर बसला आणि पुढचा दात अर्धा तुटला. तो हसला की आधी तो तुटका दातच दिसायचा.

"दात कुठे गेला ह्यांचा?"

"स्टुडिओवाल्याने बसवून दिला! रंगही उजळून घेतला. उद्या सत्कार झाला की हॉस्पिटलच्या भिंतीवर कायमचा लागणार. मोठमोठी माणसं बघणार."

वहिनीची नजर खालच्या पितळी पट्टीवर गेली. 'अवयवदाते' असं बारीक अक्षरांत, आणि त्याखाली ठसठशीत : 'प्रेरणा – धाकटे बंधू'.

तिला शिसारीच आली. चार महिन्यांपूर्वी पाना टाकीच्या शिडीवरून पडला. मेंदू संपलाय, बाकीचं शरीर यंत्रावर चालू आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. अवयवदानाचा फॉर्म त्याने आधीच भरून ठेवला होता, म्हणून तिने देवाचं नाव घेतलं आणि संमतीची सही केली. दोन किडन्या, यकृत, डोळे दुसऱ्यांच्या कामी आले. तेव्हा हेच भाऊजी दवाखान्याच्या व्हरांड्यात गळा काढत होते, "माझ्या भावाची चिरफाड करायला निघालीय ही बाई!" पुढे महिनाभर त्यांनी तिच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

देवा, माझं तोंड आवर, असं ती मनात म्हणाली. पण देवालाही तेव्हा तिचं तोंड आवरायचं नसावं.

"भाऊजी, हा लागणार नाही."

"अहो, पत्रिका छापून झाल्यात!"

"भिंतीवर फोटो लावायला हॉस्पिटलला माझी सही लागते. मी ती करणार नाही."

ती आत गेली आणि कपाटातून पोस्टकार्डाएवढा फोटो घेऊन आली. बेसिनखालून अर्धा बाहेर आलेला पाना, कोपरापर्यंत काळा, तुटका दात दाखवत हसणारा.

दिरांनी नाक मुरडलं. "शी! सन्मानाच्या भिंतीवर मोरी लावायची?"

"ती मोरी त्याच हॉस्पिटलची आहे. त्या दिवशी तुंबलेला पाइप मोकळा करून हे बाहेर आले आणि तिथल्याच टेबलावर फॉर्म भरला. फोटो तिथल्या नर्सबाईंनी काढलाय."

"पण लोक काय म्हणतील, वहिनी? तो दात..."

"किडन्या चालल्या, डोळे चालले, आणि दात चालत नाही?"

भाऊजींनी कोटवाल्या साहेबाकडे बोट दाखवलं. "मग ह्याचं काय करू?"

"तुमच्या दिवाणखान्यात लावा. अगदी तुमच्यासारखा दिसतोय."

ते फ्रेम उचलून तणतणत जिना उतरले. अत्तराचा वास मात्र खोलीत तसाच चिकटून राहिला. वहिनीने दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. ज्यांना ते डोळे मिळालेत ती माणसं उद्या येणार होती. त्यांनी त्या साहेबाला हात जोडावेत, हे तिला मान्य नव्हतं.

तिने चपला घातल्या, फोटो वहीच्या पानांत जपून ठेवला आणि तो मोठा करून आणायला ती स्टुडिओकडे निघाली.