सुमन नव्हे, सुगंधा

चंद्रपुरात आल्यापासून सुगंधाबाई खोल्यांवर खोल्या बदलत होती. कारण दरवेळी वेगळं सांगायची. कधी छत गळतं म्हणायची, कधी घरमालक तिरसट आहे, कधी नळाला पाणी नाही. खरं कारण एकच होतं. शेजारच्या कुणाचं लेकरू तापानं फणफणलं, की ती भांडी पोत्यात भरायला लागायची. शाळा बदलून बदलून तिची लेक उर्वशी इतकी कंटाळली होती, की नव्या वर्गात मैत्रिणी करायच्या भानगडीतच पडत नव्हती.

"आई, आता काऊन?"

"चल म्हणलं ना."

तिचं सासर सिंदेवाहीच्या आत, जंगलाला लागून. धानाची शेती. नवरा साप चावून गेलेला, पण बाई खमकी. दिरानं, नथ्थूनं, बांध सरकवला तर तिथंच उभी राहून भांडणारी. एका पावसाळ्यात गावात तापाची साथ आली. घरोघरी माणसं अंथरुणाला खिळली आणि शेजारच्या रंजीताचा रोशन, सुगंधाबाईच्या अंगाखांद्यावर वाढलेला पोरगा, दवाखान्यात नेता नेता गेला. पुजाऱ्याच्या अंगात आलं. त्यानं तांदळाचे दाणे पाहिले आणि सुगंधाबाईकडं बोट दाखवलं.

भर दुपारी तिला चौकातल्या विजेच्या खांबाला बांधलं. गाठ नथ्थूनं मारली. 'जादूवाली' म्हणत ज्याला जमेल त्यानं हात धुऊन घेतले. रंजीतानं केस धरून विचारलं, "काऊन खाल्लं माह्या पोराले?" पोलिसांची गाडी येईपर्यंत अंगावरचं लुगडं फाटलं होतं, आणि जिच्या जिच्या बाळंतपणात ती राबली होती, ती प्रत्येक बाई ओट्यावरून बघत होती.

केस झाली. काही जण आत गेले, जामिनावर बाहेर आले. सुगंधाबाई लेकीला घेऊन शहरात आली आणि एका होस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या लाटायला लागली. तिथल्या बायांनी नाव विचारलं तेव्हा तोंडातून निघालं, "सुमन." तेच पुढं चिकटलं.

मारणारे गावात ताठ मानेनं फिरत होते आणि इथं तिची मान खाली. कधी कधी तर तिलाच वाटायचं, आपल्या नजरेत खरंच काही असलं तर? म्हणून ती परक्याच्या लेकराकडं पाहायचीच नाही. रस्त्यात कुणी कडेवर पोर घेऊन समोरून आलं, की ती दुकानाच्या पाटीकडं बघत पुढं जायची.

शेवटच्या खोलीशेजारी करुणम्मा राहायची. मूळची सिरोंच्याची, घरात तेलुगू, बाहेर तोडकीमोडकी मराठी. सकाळी इडल्या विकायची आणि रविवारी तिच्या पत्र्याच्या खोलीत दहा-पंधरा माणसं प्रार्थनेला बसायची. तिची नात दिव्या एका सकाळी तापली. भिंतीपलीकडून तिचं कण्हणं ऐकलं आणि सुगंधाबाईनं पोतं काढलं. तेवढ्यात करुणम्मा पोरीला घेऊन दारात.

"सुमन, हिला धर. मी ऑटो बघते."

"मी नाई घेत." सुगंधाबाई भिंतीला टेकून खाली बसली. "माह्या हातात नका देऊ, बाई. दुसऱ्या कोणाले द्या."

"दुसरं कोण आहे इथं?" म्हणत करुणम्मानं पोरगी तिच्या मांडीवर ठेवली आणि ती निघून गेली.

पोरीचं अंग चटके देत होतं. सुगंधाबाईनं हात पाठीमागे धरले. पण पोरगी घसरायला लागली, तेव्हा धरावंच लागलं. ऑटो येईपर्यंत ती तोंड फिरवून बसली होती. डॉक्टरनं औषध दिलं, दोन दिवसांत दिव्या गल्लीत पळायला लागली. सुगंधाबाईला मात्र चैन पडेना. शेवटी तिनं स्वतःच जाऊन करुणम्माला सगळं सांगितलं, खांबापर्यंतचं सगळं, फक्त खरं नाव सोडून, आणि म्हणाली, "आता मले खोली सोडाले सांगा."

करुणम्मा इडलीचं पीठ ढवळत होती. "रविवारी ये," एवढंच म्हणाली.

ती गेली, ते नाही म्हणता आलं नाही म्हणून. त्या दिवशी करुणम्मा एका बाईची गोष्ट सांगत होती. वर्षानुवर्षं अंगावरून रक्त जाणारी बाई, विटाळाची म्हणून सगळ्यांनी दूर ठेवलेली. गर्दीत लपत लपत मागून आली, येशूच्या कपड्याच्या काठाला हात लावला आणि बरी झाली. येशू थांबला, म्हणाला, मला हात कोणी लावला?

"झाली होती ना बरी!" सुगंधाबाई एकदम बोलली. "मंग काऊन थांबवलं तिले? जाऊ द्याचं होतं चुपचाप. लोकायमंधी उभं करून कोनाचं भलं झालं?"

माणसं वळून पाहायला लागली. करुणम्मा जराही चिडली नाही.

"बरी झाली ते तिला एकटीला माहीत, अम्मा. लोकांना कुठं माहीत? ते तसेच दूर पळाले असते. म्हणून सगळ्यांच्या समोर त्यानं तिला 'मुली' म्हटलं. ज्यांनी विटाळ म्हटलं, त्यांच्या कानावर पडायला नको?"

सुगंधाबाई उठून निघून गेली. पण तो शब्द काही सुटेना. मेसमध्ये पोळ्या करपायला लागल्या. लाटता लाटता ती मनातल्या मनात भांडायची. मले बांधलं तवा कुठी होता तू? मले काऊन नाई म्हणलं मुली? भांडता भांडता एक दिवस करुणम्माच्या भिंतीवरचं कॅलेंडर तिच्या डोळ्यांपुढं आलं. रोज दारातून दिसलेलं, पण कधी न पाहिलेलं. अंगावर धड कपडा नाही, लाकडाला ठोकलेला, खाली हसणारी माणसं आणि त्यातच उभी त्याची आई. लाटणं तिच्या हातातच राहिलं.

"यालेबी गावानंच टांगलं होतं," ती मोठ्यानं म्हणाली.

शेजारची बाई म्हणाली, "कोनाले?"

त्या दिवशी ती मोरीत जाऊन खूप रडली. हे रडणं खांबाजवळच्या रडण्यासारखं नव्हतं. कुणीतरी ऐकतंय अशा भरवशानं माणूस रडतं, तसं होतं.

ती दर रविवारी जायला लागली. उर्वशीही कधी यायची, कधी नाही. पुढं तिनंच बाप्तिस्मा मागितला. दिवस ठरला तेव्हा तो देणाऱ्या पास्टरनं विचारलं, "नवं नाव घ्यायचं आहे का? काही जण घेतात."

"नवं घेऊनच इतके दिवस लपली मी," ती म्हणाली. "माहं नाव सुगंधा आहे. तेच घ्या."

करुणम्मा चाट पडली. "आणि सुमन कोण?"

"कोनी नाई."

पण नाव परत मिळाल्यावर तर ती जास्तच बेचैन झाली. गाव बोलवत होतं. धानाची रोवणी आटोपल्यावर ती सिंदेवाहीच्या बसमध्ये बसली. वाटेत दोनदा उतरावंसं वाटलं.

गावच्या चौकात बोअरिंगवर बाया पाणी भरत होत्या. तिला बघून एकीनं पोराला पदराआड ओढलं. सुगंधाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली.

"मी सुगंधा. जादूवाली नाई. तवाबी नव्हती, आताबी नाई. येशूनं मले लेक म्हणलं, आता तुमी काय म्हनता त्याचं भेव नाई."

आवाज चिरकला, पण वाक्य पुरं झालं. नथ्थू घरातून धावत आला, पण दोन हात लांबच थांबला. त्याला तिच्या शापाची भीती वाटत होती हे तिनं ओळखलं.

"काऊन आलीस?"

"शाप द्याले नाई आली. माफ केलं तुले. केस मात्र चालल, अन् जे झालं ते मी कोर्टात खरंखरं सांगन."

मग ती रंजीताच्या दारात गेली. रंजीता वाळली होती. 

"तू खरंच नाई केलं?" रंजीतानं विचारलं.

"नाई. खांबाले बांधलेली होती, तरी मी तुह्या रोशनसाठीच रडत होती."

रडू दाबताना रंजीताचं तोंड वाकडं झालं. ती आत गेली. दार लागलं नाही, पण ती बाहेरही आली नाही. सुगंधाबाईनं वाट पाहिली, आणि मग निघाली.

सिंदेवाहीच्या स्टँडवर तिनं करुणम्माला फोन लावला.

"काय झालं, अम्मा? रडतेस का?"

"नाई," सुगंधाबाई म्हणाली. "लय भूक लागली."

आणि समोरच्या गाड्यावरून गरम भजे घेऊन ती तिथंच, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, खायला बसली.