रांगेतला तिसरा माणूस

अकोटच्या वाचनालयात मी एकवीस वर्षं ग्रंथपाल होते. तिथे माझ्या टेबलावर एक जाड वही असायची. वहीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, ‘खरं-खोटं’. ती माझीच कल्पना, आणि तिचा मला भयंकर गर्व होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला जरा सोपं जाईल.

ती वर्षं वाईट होती. कापूस पिकला तर भाव नसायचा, भाव असला तर बोंडात अळी. कापसाची सरकी काढणाऱ्या जिनिंग गिरण्यांचे भोंगे एकेक करून गप्प झाले होते. हाताला काम नसलेली माणसं सकाळपासून वाचनालयात येऊन बसायची, आणि नेमके त्याच वर्षांत प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आले. मग काय विचारता! मंगळ चंद्राएवढा दिसणार आहे, खरं का बाई? चंद्रावरून चीनची भिंत दिसते म्हणे? पृथ्वीवर सहा दिवस अंधार पडणार म्हणून राहिले, तवा दळण आणून ठेवू का? एका म्हाताऱ्यानं तर आकाशातून किरणं येणार म्हणून मोबाइल गव्हाच्या कोठीत पुरून ठेवला होता, आणि दोन दिवसांनी तो मलाच शोधायला घेऊन गेला.

वहीचे नियम माझे होते. डाव्या पानावर प्रश्न, उजव्या पानावर उत्तर. खोटं असेल तर लाल पेन, खरं असेल तर हिरवा, आणि ठरत नसेल तर पेन्सिलीनं ‘तपास सुरू’. कात्रण किंवा फोटो असला तर तो तिथेच चिकटवायचा. विचारणाऱ्याचा फोन नंबर खाली. माझे वडील अमरावतीला वकील होते. आमच्या घरात कोणी काही सांगितलं की जेवता जेवता पहिला प्रश्न यायचा, ‘कोण म्हणालं? त्यानं स्वतः पाहिलं का?’ मी लग्न होऊन अकोटला आले ती हाच हुंडा घेऊन, असं आमचे हे चिडवायचे.

एक गोष्ट तेव्हाही खटकायची. अख्खं जग वहीत यायचं, पण पेपरातल्या जिल्ह्याच्या पानावर शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचं रोज जे छापून येत होतं, त्याबद्दल एकानंही कधी शंका लिहिली नाही. ते पान माणसं न बोलता वाचायची, घडी करून ठेवायची आणि मला अंटार्क्टिकाबद्दल विचारायची. मीही मुकाट्यानं अंटार्क्टिका शोधून द्यायची.

खाला आली ती गुरुवारी. तिला सगळे खालाच म्हणत, म्हणजे मावशी. नवरा जिनिंगमध्ये फिटर होता, तो वारलेला. गाद्या शिवून देऊन ती घर चालवायची. आमच्या घरच्या दोन गाद्या तिनंच भरलेल्या. वाचनालयाची पायरी मात्र ती पहिल्यांदा चढली होती. चपला बाहेर काढून, पदर सावरून उभी राहिली आणि प्लास्टिकच्या पिशवीतून एक रंगीत प्रिंट काढून माझ्यापुढे ठेवली.

‘बाई, हे पाहा. हा माहा पोरगा हाये का?’

त्या प्रिंटवरचा मेसेज आदल्या दिवशी माझ्याही मोबाइलवर आला होता. धक्क्यावर आठ माणसं रांगेत बसलेली, अंगावर करड्या ब्लँकेटी, मागे समुद्र. खाली लिहिलेलं, गेल्या महिन्यात जे जहाज बुडालं त्यावरचे आठ भारतीय जिवंत सापडले, सगळ्यांना पाठवा. खालानं रांगेतल्या तिसऱ्यावर बोट ठेवलं.

‘त्याचा डावा कान पाहा. वरून मुडपलेला. पैदा झाला तवापासून तसाच होता.’

मी पाहिलं. कान होता. मुडपलेला म्हटला तर मुडपलेला, प्रिंटच्या शाईचा डाग म्हटला तर डाग.

तिला लिहिता येत नव्हतं. म्हणून तिचा प्रश्न मीच वहीत लिहिला. ती सांगत गेली आणि मी लिहीत गेले. जिनिंग बंद पडलं, तवा पोरगा एका एजंटाच्या मागं लागून जहाजावर गेला. सहा साल झाले त्याले जाऊन. पहिल्या वर्षी फोन करे, मंग बंद झाला. जहाजाचं नाव मालूम नाही. त्याले माह्या मोबाइलचा नंबर तोंडपाठ हाये, म्हणून आजवर बदलला नाही. मी शेवटी लिहिलं, ‘या फोटोतला तिसरा माणूस तोच का?’ आणि खाली तिचा नंबर.

मग मी कॉम्प्युटरकडे वळले. तो फोटो आधी कुठे कुठे आला होता हे शोधायला मला अकरा मिनिटं लागली. घड्याळ लावून नव्हते बसले, पण नंतर सगळ्यांना ‘अकरा मिनिटांत’ असंच सांगायची, म्हणून पाठ झालंय. फोटो चार वर्षांपूर्वीचा निघाला. जहाज वेगळं, समुद्र वेगळा. दूरच्या एका देशातल्या पेपरात छापलेला, खाली फक्त एवढंच की निरनिराळ्या देशांचे खलाशी वाचले. नावं नाहीत. दुसऱ्या ठिकाणीही तेच सापडलं. दोन पुरावे झाले. मी लाल पेन उचलला आणि ठसठशीत लिहिलं, ‘खोटं. फोटो चार वर्षांपूर्वीचा, दुसऱ्याच जहाजाचा.’

मी ते तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं दोनदा ऐकलं.

‘म्हंजे हा तो नाही?’

‘खाला, अहो मुळात फोटोच खोटा आहे,’ मी म्हणाले. लोकांना समजावताना माझा जो एक आवाज लागायचा, त्याच आवाजात म्हणाले.

ती ‘बरं’ म्हणाली. प्रिंट उचलली नाही. चपला घालायला तिला बराच वेळ लागला. मी ती प्रिंट नियमाप्रमाणे वहीत चिकटवली आणि पुढच्या माणसाला विचारलं, बोला, तुमचं काय?

त्यानंतर तीन वर्षांनी अमरावतीच्या एका कॉलेजात मला बोलावलं. विषय होता, मोबाइलवरच्या खोट्या बातम्या कशा ओळखाव्यात. मी वही घेऊन गेले, छान इस्त्रीची साडी नेसून. माहेरच्या गावात मान मिळत होता, छाती कशी फुगणार नाही? नमुना म्हणून मी कोणतं पान काढावं? खालाचं. अकरा मिनिटांत उत्तर, दोन पुरावे. डावं पान वाचलं, उजवं वाचलं, आणि टाळ्यांसाठी क्षणभर थांबले.

तिसऱ्या बाकावरच्या एका पोरीनं हात वर केला. ‘मॅडम, तो मुलगा सहा वर्षांपूर्वी गेला ना? आणि फोटो चार वर्षांपूर्वीचा. मग तो फोटोत असू शकतोच की.’

काय सांगू! मी वहीकडे पाहिलं. डाव्या पानावर माझ्याच अक्षरात ‘सहा वर्षांपूर्वी’, उजव्या पानावर माझ्याच अक्षरात ‘चार वर्षांपूर्वीचा’. दोन्हींच्या मध्ये वहीची शिवण, बोटभरही अंतर नाही. मेसेज खोटा होता, अगदी शंभर टक्के. पण खालानं मेसेज खरा का, असं विचारलंच नव्हतं. हा माझा मुलगा का, एवढंच तिनं विचारलं होतं. दोन वर्षं समुद्रावर असलेला माणूस त्या धक्क्यावर बसलेला असू शकत होता. तिनं विचारलेला प्रश्न मी स्वतः लिहून घेतला आणि उत्तर भलत्याच प्रश्नाचं दिलं. शहाणी मोठी!

त्या पोरीला मी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही. परत येताना दर्यापूरच्या स्टँडवर गाडी थांबली, तेव्हा बाकावर माणसं ओळीनं बसली होती. मी तिसऱ्या माणसाचा कान पाहिला. ती खोड तेव्हापासून लागली ती अजून गेली नाही. दवाखान्यात, लग्नाच्या पंगतीत, कुठंही माणसं रांगेत बसलेली दिसली की माझी नजर तिसऱ्यावर जाते, आणि तो माझ्याकडे पाहत असला की मी मान खाली घालते.

दुसऱ्या दिवशी खालाच्या घरी गेले. दाराला कुलूप. शेजारणीनं सांगितलं, ती लेकीकडे अकोल्याला राहायला गेली, जुन्या शहरात. मी वहीतल्या नंबरावर फोन लावला. एका पुरुषानं उचलला. मागे कसलंतरी ठोकाठोक चालू होतं.

‘खाला-बिला कोणी नाही इथं. हे पंक्चरचं दुकान हाये, दर्यापूरचं. नंबर मले नवीन भेटला, दीड-दोन वर्ष झाले.’

मी माफ करा म्हणून ठेवणार, तेवढ्यात तो म्हणाला, ‘तुमी बी त्या अम्मीलेच पुसून राहिले का?’

‘तुम्ही बी म्हणजे? आणखी कोण विचारतं?’

‘फोन कराचा एक जण. बाहेर देशाचा नंबर, लंबा. अम्मी है क्या, म्हणे. मी म्हणो राँग नंबर. तीन-चार खेप केला त्यानं. मंग एक दिवस गिऱ्हाईक उभं होतं, मले राग आला, बोललो त्याले काहीबाही. तवापासून नाही आला.’

तो नंबर त्याच्या मोबाइलात आता राहिलेला नव्हता. मोबाइलच बदललेला होता. मी फोन ठेवला आणि हातातली किल्ली कुठे ठेवली ते संध्याकाळपर्यंत आठवलं नाही. डोक्यात वडिलांचा आवाज: ऐकीव आहे. कोण म्हणालं? अम्मी तर निम्म्या वऱ्हाडात असते, कोणीही कोणाच्या अम्मीला फोन करत असेल. माझ्याच नियमानं हे पेन्सिलीचं प्रकरण होतं. अशी गोष्ट घेऊन मी आयुष्यात कोणाच्या दारात गेले नव्हते. पण न सांगता तरी कशी राहू?

अकोल्याला लेकीच्या घरी खाला ओसरीत गादी टाचत बसली होती. मला पाहून तिनं सुई कापडात खोचली. मी कसं सुरू करावं ते कळेना, म्हणून विचारलं, ‘खाला, तुमचा तो जुना नंबर बंद का केला?’

‘तुमी लिहलं ना लाल पेनानं. मंग मोबाइल कोणासाठी चालू ठेवू?’ ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. तेच सहन होईना.

मग मी सगळं सांगितलं. वर्षांचा हिशेब, माझी चूक, पंक्चरवाला, लंबा नंबर. सांगून झाल्यावर म्हणाले, ‘हे तपासलेलं नाही खाला. खरं का खोटं, मला माहीत नाही.’

तिनं मांडीवरची गादी बाजूला सारली.

‘आता मालूम नाही, तं तवा कसं मालूम होतं?’

मी रडले. त्या परक्या घरात, लेकीनं ठेवलेल्या चहाच्या कपापुढे, मी पन्नाशीची बाई हुंदके देऊन रडले. खाला नाही रडली. तिनं मला पाणी दिलं आणि म्हणाली, ‘लावा त्याले फोन.’

मी स्पीकरवर लावून तिच्या हातात दिला. तिनं पंक्चरवाल्याला एकच गोष्ट विचारली, आवाज कसा होता. तो म्हणाला, नाक चोंदल्यावानी. खालानं डोळे मिटले. ‘सर्दी त्याची कधी गेलीच नाही,’ ती म्हणाली, आम्हा कोणाला नाही, स्वतःलाच. मुडपलेला कान आणि चोंदलेलं नाक, कोणत्याही कोर्टात न टिकणारे पुरावे. मी या वेळी तोंड उघडलं नाही.

‘बेटा,’ ती फोनवर म्हणाली, ‘पुन्हा आला तं राँग नंबर नोको म्हणजा. अम्मी हाये म्हणा. थांब म्हणा, बोलावतो. आनं या बाईले फोन करजा.’

पलीकडची ठोकाठोक थांबली होती. ‘हाव खाला,’ तो म्हणाला. ‘माही चूक झाली.’

तेव्हापासून दर गुरुवारी मी त्याला फोन करते. माझी नोकरी संपली, वही दुसऱ्या बाईंच्या टेबलावर गेली. जाण्याआधी मी त्या पानावर लाल अक्षरांखाली पेन्सिलीनं ‘तपास सुरू’ लिहिलं. लाल शाई खोडता येत नाही, मी करून पाहिलं. पंक्चरवाला आता मी हॅलो म्हणायच्या आतच सांगतो, ‘नाही आला, बाई.’ मग आम्ही पावसापाण्याचं बोलतो.

मागच्या दिवाळीनंतर खाला वारली. लेकीचा निरोप आला, मी अकोल्याला जाऊन आले. त्यानंतरचा गुरुवार उजाडला. फोन लावताना ठरवलं होतं की त्याला सांगायचं. त्यानं नेहमीसारखं ‘नाही आला’ म्हटलं आणि विचारलं, ‘खाला बरी हाये ना? आला तं तसंच सांगतो मी, अम्मी हाये म्हणून.’

‘हो,’ मी म्हणाले. ‘तसंच सांगा.’