मानमोड्या

त्याला सगळे मानमोड्या म्हणत आणि तो ही पदवी मिरवत असे. दाढी-कटिंग कुणीही करील. पण शेवटी हनुवटी एका हातात, डोकं दुसऱ्या हातात धरून मान अशी फिरवायची की बाकावर ताटकळणाऱ्यांनाही 'कट्' ऐकू यावं, ते आपल्यालाच जमतं, हा त्याचा तोरा. आवाज निघाला नाही तर त्याला अपमान वाटायचा. गिऱ्हाईक पुरे म्हणालं तरी सोडायचा नाही.

त्या दिवशी खुर्चीत त्याचा मेव्हणा होता, धाकट्या बहिणीचा नवरा. रात्रभर ट्रक चालवून मान आखडलेली. डावीकडे आवाज आला, उजवीकडे येईना. बाकावरून कुणी बोललं, घरच्या माणसापुढे हात लटपटला वाटतं. झालं. मानमोड्याने दातओठ खाऊन झटका दिला. आवाज आला, बाक खूश. मेव्हणा मात्र मान धरून बसला. दुकान गरगर फिरतंय म्हणाला. दाराशी तोल गेला, जीभ जड झाली. सकाळीच लावून आलाय, म्हणत लोक हसले. मानमोड्याही हसला.

निरोप मिळताच बहीण आली आणि दोघांना घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी नेमकं विचारलं, मानेला मार, झटका, काही? मेव्हण्याने तोंड उघडलं, पण शब्द धड फुटेना.

"छे हो मॅडम," मानमोड्या मध्येच म्हणाला, "उपाशीपोटी गाडी हाकलीय. पित्त आहे."

मानेतून मेंदूला रक्त नेणाऱ्या नळीला आतून चीर गेली होती. चिरेवर गुठळी धरत होती. ती सुटून वर अडकली की त्यापुढचा मेंदूचा भाग रक्तावाचून मरतो. मानमोड्या खरं बोलला असता तर त्याच दिवशी त्या नळीची तपासणी झाली असती, औषध सुरू झालं असतं. आणि बाईंचंही चुकलंच. एकाएकी तोल जातो, जीभ अडखळते, त्या माणसाला मोठ्या हॉस्पिटलात धाडायचं असतं, पित्ताच्या गोळ्या देऊन घरी नाही.

दुसऱ्या दिवशी मेव्हणा अंथरुणातून उठला नाही. बोलणं गेलं, गिळणं गेलं, एक हात तेवढा उरला.

मोठ्या हॉस्पिटलात चीर सापडली. तिथेही तोच प्रश्न आला, तेव्हा बहिणीने ताठ मानेने सांगितलं की भाऊ सोबत होता, काहीसुद्धा झालेलं नाही. ठपका ट्रकच्या हादऱ्यांवर गेला. बाकावरचेही गप्प बसले. हसले होते ना सगळे.

आता मानमोड्या दर रविवारी मेव्हण्याची दाढी करायला जातो, फुकट. असा भाऊ मिळायला भाग्य लागतं, असं शेजारणी बहिणीला सांगतात. मेव्हण्याला सगळं कळतं, फक्त सांगता येत नाही. हनुवटीला हात लागला की त्याचे डोळे फाटतात, घशातून घरघर निघते आणि तो एक हात मानमोड्याचं मनगट आवळतो.

"दादा, हे तुलाच का रे घाबरतात?" बहिणीने एकदा विचारलं.

"आजारपणात होतं असं," तो म्हणाला. मनगटावरची बोटं त्याने एकेक करून सोडवली, हात गादीखाली दाबून ठेवायला बहिणीला सांगितलं आणि मेव्हण्याची मान मागे कलवून फेस लावायला घेतला.