जाड तारेचं माप

हिरामणला कुरकुरणारं दार ऐकवत नसे. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तरी चहा येईपर्यंत हा गडी बिजागरीला तेल घालून मोकळा. अंबरनाथच्या एका कारखान्यात तो फिटर होता आणि त्याचा एकच नियम होता: काहीही उघडायचं तर आधी माप घ्यायचं. बदलापुरातले निम्मे पंखे आणि शिलाई मशिनी त्याच्या हाताखालून गेल्या होत्या. घरातली धाकट्या भावाची बेसगिटार तेवढी राहिली होती.

चंदर ती उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या ऑर्केस्ट्रात वाजवायचा. हळद असो, गणपती असो, बोलावणं आलं की निघाला. गिटार जुनीच घेतलेली. तिच्या टोकाला तारा पिळायच्या चार चाव्या, त्यांतली जाड तारेची चावी पार झिजलेली. गाणं निम्म्यावर आलं की तार ढिली पडे.

"दादा, चाव्या बदलून दे ना," चंदर म्हणायचा.

"रविवारी बघू."

असे शंभर रविवार आले नि गेले. गावभरचे पंखे दुरुस्त करणाऱ्याला वेळ नव्हता असं थोडंच आहे! धड नोकरी सोडून पोरानं ही थेरं करावीत हेच त्याला पसंत नव्हतं. शेवटी चंदरनं आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी फाडून चावीच्या दातऱ्यांत ठोसली. चावी जाम झाली. तार किंचित उतरलेलीच राहिली, पण हलायची थांबली.

एक्क्याण्णवच्या श्रावणात चंदर काविळीनं गेला. सव्वीस वर्षांचा होता.

त्यानंतर दिवाबत्ती झाली की आई, द्रौपदीबाई, भिंतीवरच्या गिटारीपाशी जाई. लाकडाला कान लावी आणि अंगठ्यानं जाड तार एकदाच छेडी. आवाज विरेपर्यंत डोळे मिटून उभी राही. "त्यो लावून गेलाय," एवढंच म्हणे. हिरामणला ते बघवत नसे, आणि त्या गंजक्या चाव्या तर डोळ्यांत खुपत.

वर्षश्राद्ध आलं तेव्हा त्यानं ठरवलं, आता तरी भावाचं काम करायचं. कॅम्प पाचमधून चार नव्या चाव्या आणल्या. "नंबर एक माल है, साईं, पर छेद थोड़ा बड़ा करना पड़ेगा," दुकानातल्या सिंधी शेटनं बजावलं होतं.

आई सामानाला बाजारात गेली होती. हिरामणनं पडवीत बसून आधी मापं घेतली. भोकांचा व्यास, स्क्रूंमधलं अंतर, सगळं वहीत उतरवलं. मग तारा सोडल्या, जुन्या चाव्या काढल्या, चिंधी भंगाराच्या डब्यात टाकली. स्क्रूंची जुनी भोकं आगकाड्या आणि सरस घालून बुजवली, चाव्यांची भोकं गोल कानशीनं वाढवली. नव्या चाव्या बसल्या आणि कशा अलगद फिरायला लागल्या. तेव्हा मात्र त्याला रडू फुटलं. एका दुपारचं काम होतं, आणि चंदरनं त्यासाठी दोन वर्षं विनवण्या केल्या होत्या.

ऑर्केस्ट्रातला जनू येऊन पेटीवर सूर धरून तारा लावून गेला. संध्याकाळी आईनं दिवा लावला, लाकडाला कान लावला, तार छेडली. कान झटकन मागं घेतला.

"ह्यो नाय."

"आये, आता सूर बरोबर लागलाय. जनूनं लावलाय."

"आसंल बरोबर. माज्या चंदरचा नाय."

हिरामण पुढं झाला. त्यानं चावी जराशी उतरवली. "आसा?"

"नाय."

आणखी उतरवली. "आसा?"

"नाय रं."

तो वर घेत राहिला, खाली घेत राहिला. चिंधीसुद्धा डब्यातून काढून आणली, पण नव्या चावीत ती ठोसायला फटच नव्हती. वहीत सगळी मापं होती. तारेच्या आवाजाचं माप घ्यावं लागतं, हे त्याला सुचलंच नव्हतं. भाऊ असताना त्यानं तो कधी कान देऊन ऐकला नव्हता, मग आता ओळखणार कुठून?

तो पुन्हा चावी पिळायला गेला तेव्हा आईनं त्याचं मनगट धरलं. "हां. ह्योच. ऱ्हाऊं दे आता."

हिरामणनं वर पाहिलं. ह्या खेपेला तिनं लाकडाला कान लावलाच नव्हता.